टिचकीबाई आणि आईचे कप

थोरल्या जाऊबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भांड्यांची विचारपूस करतात, मग माणसांची. समोर पाण्याचा पेला आला की उचलायच्या आधी त्याला नखानं एक टिचकी मारतात, मान जरा तिरकी करून आवाज ऐकतात आणि मगच पाणी पितात. आवाज खणखणीत आला तर चेहरा खुलतो. बद्द आला तर घरच्या बाईला तिथल्या तिथे सांगून मोकळ्या होतात, "हा पेला काढून ठेवा हो. आतून तडकलाय. आज ना उद्या हातात येईल." एकदा माझ्या माहेरच्यांसमोर असंच बोलल्या, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण माझ्या वहिनीनं तो पेला हट्टानं वापरला आणि पुढच्याच आठवड्यात त्याचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून माहेरचे लोक माझी खुशाली नंतर विचारतात, जाऊबाईंची आधी.

गल्लीत त्यांना सगळे टिचकीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

सकाळी देवासमोर बसून उठले की मी रोज वहीत चार ओळी लिहिते. काल त्यानं काय दाखवलं, एवढंच. बहुतेक दिवशी दूध उतू गेलं आणि खिडकीवर पक्षी येऊन बसला, यापलीकडे काही नसतं. पण गेल्या आठवड्यात जे पाहिलं ते चार ओळींत मावणारं नाही. म्हणून आज भाजी चिरायची ठेवून लिहायला बसले आहे.

जाऊबाईंनी उभी हयात जॅमच्या कारखान्यात काढली. रिकाम्या बाटल्या तपासायचं काम. बाकीच्या बाया बाटली उजेडात धरून डोळ्यांनी बघायच्या. या कानांनी बघायच्या. पट्टा सरकत राहायचा, बाटल्या सरकत राहायच्या आणि यांचं नख चालत राहायचं. यंत्रांच्या त्या गोंगाटात काय ऐकू येत असेल, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तुला नाही का, घरभर आरडाओरडा चालला असला तरी आपल्या लेकराचं रडणं कळत?"

निवृत्त झाल्यावर मेणबत्त्यांचं खूळ शिरलं ते त्यांच्या यजमानांमुळे, आमच्या भाऊजींमुळे. वीज गेली की साध्या मेणबत्तीच्या धुरानं त्यांना खोकल्याची उबळ यायची. कुणीतरी जाऊबाईंना सोयाबीनच्या मेणाचं सुचवलं. त्याला धूर कमी. पण ते मेण असतं लोण्यासारखं मऊ. साध्या मेणबत्तीसारखं स्वतःच्या पायांवर उभं राहत नाही, त्याला राहायला घर लागतं. झालं! मेण एकीकडेच राहिलं आणि बाई घरं शोधत सुटल्या.

जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, नातेवाइकांच्या कपाटांत. लोणी ठेवायचा चिनी मातीचा डबा, पितळी माप, माशांचा लांबट पत्र्याचा डबा, जाड बुडाचा औषधाचा खल, एकदा तर कुणाचा तरी दाढीचा मग. त्या यायच्या म्हटलं की मी साखरेचं भांडं आतल्या खोलीत नेऊन ठेवते. "लपवलंस ना?" असं दारातूनच विचारतात. "राहू दे, त्याचं तोंड लहान आहे. ज्योत गुदमरेल."

लोकांना वाटतं, भांडं छान दिसलं, मेण ओतलं, वात खोचली, संपलं. जाऊबाईंच्या हातून दहातली आठ भांडी परत जातात. लाकडी वाडगा आणला तर म्हणतात, "हे भांडं आहे की सरपण?" कुंडीच्या बुडाला भोक असतं आणि कच्ची माती मेण पिते. नाजूक दांडीचा पेला धक्क्यानं आडवा होतो. कथलाचा डाग देऊन जोडलेल्या डब्याचा सांधा तापला की सुटतो. आणि प्लास्टिक घेऊन जो येतो त्याला त्या उत्तरच देत नाहीत, नुसत्या बघतात. तो आपोआप जातो.

जे भांडं या सगळ्यातून पार पडतं त्याची आधी टिचकी, मग गरम पाण्याची परीक्षा, आणि शेवटी जळिताची. म्हणजे त्या जातीचं एक भांडं मेणानं भरायचं, मागच्या अंगणात वाळूच्या परातीत ठेवायचं, पेटवायचं, आणि वात पार तळाला जाऊन आपण होऊन विझेपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसायचं. मध्ये उठायचं नाही. दारावर कुणी आलं तर त्यानं अंगणात यायचं. जे भांडं मी स्वतः तळापर्यंत जाळून पाहिलं नाही ते दुसऱ्याच्या घरात जाणार नाही, हा त्यांचा नेम. माझा सकाळचा नेम एखाद वेळी हुकतो. त्यांचा हुकलेला मी पाहिलेला नाही.

तर गेल्या आठवड्यात शिवणताई आल्या. मागच्या गल्लीत कपडे शिवतात, आमच्या दोघींच्या पोलक्यांची मापं त्यांना तोंडपाठ. त्यांची आई गेल्याला वर्ष होतंय. आईचं घर विकलं गेलं आणि आता रिकामं करून द्यायचं होतं. त्याआधी रविवारी चौघं भावंडं तिथे शेवटची जमणार होती. शिवणताईंनी टॉवेलात गुंडाळून चार कप आणले होते. पातळ, पांढरे, काठाला निळी रेघ, वर रुंद आणि बुडाशी निमुळते. एकेका लेकराचा एकेक कप आईनं लहानपणीच ठरवून दिलेला. कानाला दोरा बांधलेला होता तो शिवणताईंचा.

"या चारांत मेणबत्त्या करून द्या, टिचकीबाई," त्या म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी आईच्या घरात चौघं मिळून पेटवू. मग जो तो आपला कप घेऊन जाईल. आईच्या घरातला उजेड घेऊन गेल्यासारखं होईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊबाईंनी टिचकी मारली. एक, दुसरी, तिसरी, चौथी. चारही कप घंटेसारखे वाजले. मला वाटलं, जिंकलं! पण जाऊबाई कप उलटा करून बुडावरून बोट फिरवत होत्या.

"होणार नाही," त्या म्हणाल्या.

"का? वाजले की चांगले!"

"कप चांगले आहेत. मेणबत्तीला चांगले नाहीत. वर एवढं रुंद तोंड, म्हणजे जाड वात घ्यावी लागणार. ती वात खाली या चिंचोळ्या बुडाशी आली की तिला जागा पुरायची नाही. सगळी आच भिंतीला. आणि भिंत तर कागदासारखी."

शिवणताईंबरोबर त्यांचा थोरला भाऊ आला होता. ट्रक चालवतो, गल्लीत सगळे त्याला दादाच म्हणतात. दाराच्या चौकटीला रेलून तो हसला. "अहो बाई, आमची आई यात उकळता चहा ओतायची. रोज! तेव्हा नाही फुटले."

"चहा ओतल्या क्षणापासून गार होत जातो," जाऊबाई म्हणाल्या. "ज्योत खाली येईल तशी भांडं तापवत जाते. तुझा ट्रक उतारावर आणि चढावर सारखाच चालतो का रे?"

"एकदाच तर पेटवायच्या आहेत," शिवणताई म्हणाल्या. "थोड्या जळल्या की विझवू."

"तू विझवशील. तुझी धाकटी बहीण आपल्या घरी गेल्यावर आईची आठवण आली म्हणून पेटवेल, रडता रडता डोळा लागेल तिचा. मग? मी चार गावांत चार स्टुलं टाकून बसू?"

दादाला ते लागलं. "नसेल जमत तर तसं सांगा ना. बाजारात मिळतात मेणबत्त्या."

"मिळतात की. जा, आण. मी अडवलंय?"

शिवणताई कप परत टॉवेलात गुंडाळायला लागल्या. पोलक्यांच्या घड्या झटक्यात घालणाऱ्या बाईला तो टॉवेल धड गुंडाळता येईना. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "थांब. मी होणार नाही म्हटलं, तपासणार नाही असं कुठे म्हटलं? उद्याचा दिवस दे मला."

त्यांच्या नापास भांड्यांच्या खोक्यात एक कान तुटलेला कप होता. नक्षी वेगळी, पण जातकुळी तीच: तसाच पातळ, तसाच बुडाशी निमुळता. तो त्यांनी भरला. मेण बसायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पेटवला. मला म्हणाल्या, "ये. तुझी जपमाळ घेऊन ये, बसायचं आहे."

मी नाव घेत बसले आणि त्या कपाकडे बघत. दुपारी शिवणताई काम टाकून आल्या. मागून दादाही आला, "सहज आलोय" म्हणत. आम्ही चौघं एका कपाभोवती बसलेले पाहून शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "कुणी आजारी आहे का?"

"अजून नाही," जाऊबाई म्हणाल्या.

अर्ध्यापर्यंत सगळं ठीक होतं. ज्योत स्थिर, कप नुसता ऊन. दादा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मी मनात म्हटलं, देवा, ही बाई एकदा तरी चुकू दे, शिवणताईंसाठी चुकू दे. तेवढ्यात ज्योत निमुळत्या भागात उतरली आणि एकदम उंच झाली. जाऊबाईंनी आम्हाला हातानं मागे सारलं.

टच्च!

आवाज केवढासा. कपाच्या अंगावर बुडापासून वरपर्यंत काळी रेघ उमटली, अर्धी भिंत बुडासकट गळून पडली आणि पातळ मेण वाळूत पसरलं. दादा उठून उभा राहिला होता. हसणं कुठच्या कुठे गेलं होतं.

"आमच्या धाकटीकडे जेवणाच्या टेबलावर कागदी फुलं असतात," तो हळूच म्हणाला. "कायम."

जाऊबाईंनी त्याला "बघितलंस?" असं म्हटलं नाही. तो त्यांचा स्वभावच नाही. त्या परातीकडे बघत होत्या. कप फुटला होता, पण वात पडली नव्हती. वातीच्या बुडाला पत्र्याची चकती असते, ती वाळूत टेकून वात उभी होती आणि उरल्यासुरल्या मेणावर शांतपणे जळत होती, जणू तिला कपाची गरजच नव्हती. जाऊबाईंनी चिमट्यानं ती दाबून विझवली, तुकडे बाजूला केले आणि चकती होती तिथून जराच खाली वाळूत बोट घातलं.

"गार आहे," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून माझंही बोट खुपसलं. "बघ तू. गार आहे ना?"

होती. वर पापुद्राभर ऊन, खाली गार.

"कारखान्यात मी जन्मभर बाटल्या बघितल्या," जाऊबाई म्हणाल्या, "म्हणून मला वाटत राहिलं, मेण कपातच ओतायचं. अगं, कपानं कशाला आग पोटात घ्यायची? कपानं नुसतं मांडीवर घ्यावं."

आणि उठल्याच. मलमासाठी मिळतात तशा बिनसांध्याच्या, सरळ भिंतीच्या पत्र्याच्या छोट्या डब्या त्यांच्याकडे होत्या. मेण त्या डबीत. डबीला वात बारीक लागते, आणि भिंत सरळ असल्यामुळे वरची आच तीच खालची आच. कपात अर्ध्यापर्यंत धुऊन तव्यावर कोरडी केलेली वाळू, वाळूवर डबी, डबी आणि कप यांच्यामध्ये चहूबाजूंनी मोकळी जागा. वरून पाहिलं तर पांढऱ्या कपात छोटंसं तळं.

"झालं तर मग!" दादा म्हणाला. "चार करून टाका."

"करून टाका काय? तपासायला नको?" जाऊबाई म्हणाल्या. "आणि तुटका कप तर गेला. तसा दुसरा माझ्याकडे नाही. दोन दिवस थांबलात तर बाजारात शोधते."

"रविवार परवा आहे हो," शिवणताई म्हणाल्या.

जाऊबाईंचा नेम मला माहीत होता आणि शिवणताईंचा रविवारही. दोन्ही खरे होते. दादा आपल्या चपलेकडे बघत राहिला. शिवणताईंनी टॉवेल उलगडला, दोरा बांधलेला कप काढला, दोरा सोडला आणि कप परातीत ठेवला.

"हा जाळून बघा."

"वेडी का काय तू? तुझ्या आईचा आहे."

"माझा आहे. आईनं मला दिलाय. जाळायचाच तर माझा जाळा, दादाचा कशाला?"

"माझा घ्या की," दादा म्हणाला, पण अगदीच बारीक आवाजात.

"तू गप रे. तुझ्या कपातला चहा कधी न सांडता राहिला नाही, त्या कपाला आधीच धक्के बसलेत." हे म्हणताना शिवणताई हसल्या. मग जाऊबाईंना म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं. माझ्या बहिणीच्या घरात मी न तपासलेलं काही पाठवणार नाही."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. कारखान्यातल्या जुन्या सोबतिणीकडे पाहतात तसं. "बस मग उद्या माझ्या शेजारी," त्या म्हणाल्या. "स्टूल नाही दुसरं, बादली उपडी घाल."

शनिवारी सकाळीच पेटवला. मला आठवतं, मी मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागले तर जाऊबाई म्हणाल्या, "म्हण, म्हण. देवाला सांग. पण ते वाळूचं घमेलंही जवळ ओढून ठेव." मी दोन्ही केलं. मला त्यात काही विपरीत वाटत नाही. ज्यानं ज्योतीला वर जायला शिकवलं त्यानंच वाळूला गार राहायला शिकवलं. आपण दोघांची ओळख करून घ्यावी, एवढंच तो मागतो.

ज्योत अर्ध्यावर आली. जाऊबाईंनी कपाला बोट लावून पाहिलं, मग शिवणताईंचं बोट लावलं. कोमट. ज्योत आणखी खाली गेली. दादानं घड्याळ काढून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. शेवटी डबीच्या तळाशी मेण बोटाच्या पेराएवढं राहिलं. विझवायची खरी वेळ तीच, असं त्या सगळ्यांना सांगतात. पण परीक्षेत त्या विझवत नाहीत. आम्ही चौघं पुढे वाकलो. डबी जराशी काळवंडली. ज्योत लहान झाली, निळी झाली, एकदा उडाली आणि गेली.

टच्च झालं नाही.

शिवणताई कपाला हात लावायला गेल्या तर जाऊबाईंनी हात धरला. "थांब. निवू दे. गार होतानाही दगा देतात."

तो वेळ मला जळण्याच्या वेळेपेक्षा मोठा वाटला. मग जाऊबाईंनी डबी उचलली, वाळू परातीत ओतली, पदरानं कप आतून पुसला आणि तळहातावर तोलून धरला. वाळूनं भरलेला कप काही सांगत नाही, रिकामा झाला की बोलतो. त्यांनी मान तिरकी केली आणि टिचकी मारली.

टण्ण! अंगणभर. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकं काढलं, इतका.

जाऊबाई म्हणाल्या, "आता चारही भरते."

रविवारी आम्ही दोघी गेलो. शिवणताईंनी बोलावलंच होतं, आणि जाऊबाई न बोलावताही गेल्या असत्या. घरातलं टेबल, खुर्च्या, पलंग सगळं आधीच हलवलेलं. भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. जमिनीवर मधोमध चार कप मांडले, चौघांनी आपापला पेटवला. धाकटी बहीण आणि धाकटा भाऊ लांबून आलेले, त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. धाकटीनं विचारलं, "मध्ये डबी कशाला गं? नुसतं मेण ओतलं असतं तर जास्त छान दिसलं असतं."

दादानं तिला सगळं सांगितलं, तुटक्या कपापासून. टच्च आवाज काढून दाखवला. सांगताना तो इतका रंगला की कप त्यानंच तपासले असावेत असं वाटत होतं. जाऊबाई मान डोलावत ऐकत होत्या. मी त्यांना कोपरानं ढोसलं तर म्हणाल्या, "सांगू दे. आता तो कुणालाही आयुष्यात पातळ कपात मेण ओतू देणार नाही."

मेण पेराएवढं राहिल्यावर चौघांनी विझवलं. सांगितलेलं ऐकणारी मंडळी, म्हणून मला बरं वाटलं. डब्या निवेपर्यंत भावंडं तिथेच बसली. मग दादा उठला. त्यानं आपल्या कपातली निवलेली डबी काढली, वाळू जाऊबाईंच्या पिशवीत ओतली, शर्टाच्या टोकानं कप पुसला आणि आपल्या जाडजूड नखानं टिचकी मारली. मान तिरकी करून, अगदी यांच्यासारखी.

"वाजला ना?" त्यानं जाऊबाईंना विचारलं.

"वाजला."

गॅसची शेगडी, एक पातेलं आणि दोन काचेचे पेले तेवढे अजून घरात होते. "मग बघताय काय?" जाऊबाई म्हणाल्या. "चारही धुवून घ्या आणि कुणीतरी चहा ठेवा. आम्हा दोघींना काचेच्या पेल्यात चालेल. तो पेला इकडे आण आधी, बघू दे."